पोटाइतक्या पाण्यात

त्या माणसाला घोड्यावर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. गावात कोणीच पाहिलं नव्हतं. तरी नाकाडोंगरीपासून बपेऱ्यापर्यंत ज्याच्या दारात बसायचं घोडं होतं, त्यानं ते याच्याकडूनच तयार करून घेतलेलं होतं. मी त्याला विचारायची, "बाबाजी, तुमी काहून नाई बसत?" एकदा म्हणाला, कंबर दुखते. एकदा म्हणाला, आईनं शपथ घातली होती. एकदा म्हणाला, "डोंग्यात बसनाऱ्यानं डोंग्यातच बसावं." तिन्ही कारणं खोटी असावीत. खरं मला आजही माहीत नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही.

तो ढीवर होता. डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, तलावातल्या मासोळ्या धरणं हे त्याचं पोट, आणि घोडे हा त्याचा नाद. अंगानं काटकुळा, कमरेला पंचा, हातात जाळं विणायची बांबूची सुई. चालताना विणायचा, बोलताना विणायचा, मयताच्या घरी बसायला गेला तरी विणायचा. लोक चिडायचे. तो म्हणायचा, "मरनाऱ्याचं काम संपलं, माहं कुठं संपलं?"

ढीवराला घोडे कोणी शिकवले, हे कोडं सगळ्यांनाच होतं. त्याचं उत्तर ठरलेलं. "ज्याले मासोळी धरता येते त्याले घोडा येते. दोघायलेही पहिले सावली दिसते, मानूस मंग दिसते." कोवळ्या घोड्यावर तो आपली सावली पडू देत नसे. सकाळी या बाजूनं जायचा, दुपार कलली की त्या बाजूनं. कोणी उन्हाकडे पाठ करून सरळ घोड्यापाशी आला, तर हा लांबूनच ओरडायचा, "ओ पाटील, तुमचं भूत मांगं ठेवा." आम्ही हसायचो. पण त्याच्या हातात आलेलं घोडं माणूस पाहून बिचकायचं नाही, हेही आम्ही पाहायचो.

एकदा जंगलाचा एक ठेकेदार आपला तांबडा घोडा घेऊन आला. घोडा लगाम घेत नव्हता. लोखंडी कडी दातांपाशी नेली की मान वर करायचा. ठेकेदार म्हणाला, "आठ दिवसांत करून दे." यानं लगाम घेतला आणि ती कडी स्वतःच्या तोंडात धरली. दोन्ही बाजूंना पट्टे लोंबताहेत आणि हा जाळं विणतो आहे. तसाच गावभर फिरला. पोरं मागे लागली. बायकांनी तोंडावर पदर घेतले. ठेकेदाराला वाटलं, आपली थट्टा चालली आहे. दुपारी यानं कडी काढली, थुंकला आणि म्हणाला, "थंडीत लोखंड दाताले झोंबते. अन् इथं एक धार हाय, ते जिभेले लागते. मालक, तुमीच धरून पाहा." ठेकेदारानं काही धरली नाही. यानं ती धार दगडावर घासली, कडी काखेत धरून गरम केली, गूळ लावला. तिसऱ्या दिवशी घोड्यानं आपणहून तोंड उघडलं. तोंड उघडलं तसा यानं लगाम बाजूला ठेवला आणि म्हणाला, "आज पुरे."

हे "आज पुरे" ऐकून भलेभले मालक दात-ओठ खात. घोड्यानं एक गोष्ट नीट केली की त्या दिवसाचं शिकवणं संपलं. सकाळ नुकतीच उजाडलेली असो, मालक तीन कोसांवरून आलेला असो. "अजून एकदा करून दाखव ना गा," म्हटलं की हा तलावाकडे चालू लागायचा.

त्याची सुरुवातही अशीच जीव खाणारी. पहिले पंधरा दिवस तो काहीच करत नसे. घोडं लांब दोरीनं मोहाच्या झाडाला बांधायचं आणि त्याच्याकडे पाठ करून विणत बसायचं. मालक म्हणायचा, "बुढा तं नुसता बसून हाय."

"शेजार करून राहिलो," हा सांगायचा.

पाठ करून बसलेल्या माणसाची भीती वाटत नाही, उलट तो काय करतो ते पाहावंसं वाटतं. आठ-दहा दिवसांत घोडं मागून येऊन त्याच्या मानेवर श्वास सोडायचं. तरी हा वळून पाहायचा नाही. मग जाळ्याची पाळी. पहिल्यांदा हातभर तुकडा पाठीवर टाकायचा, काढायचा, टाकायचा. मग अख्खं जाळं. मग काठाला शिशाच्या गोळ्या असलेलं, जे खुळखुळतं. मासोळीवर फेकतात तसं फेकायचा नाही. खाटेवर वाकळ टाकावी तसं टाकायचा. महिन्याभरात घोडं त्या खुळखुळाटात उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचं. त्यानंतर मोरकीला, म्हणजे तोंडाभोवतीच्या दाव्याला, दोन लांब दोऱ्या बांधून, नांगर हाकावा तसा मागून चालत, धानाच्या शेतांमधल्या अरुंद धुऱ्यांवरून, बांधांवरून, त्याला वळायला आणि थांबायला शिकवायचा. माणूस पाठीवर बसायचा तो सगळ्यांत शेवटी. आणि तो जमिनीवर नाही, तलावात.

हे मी ऐकून सांगत नाही. आमच्या घोडीच्या पाठीवर तलावात पहिल्यांदा बसलेली बाई मीच.

आमचा धंदा मनिहारीचा. टिकल्या, फण्या, रिबिनी, काळी पोत, सुया, कुंकू. घोड्याच्या दोन बाजूंना दोन पेट्या, मधे माझा नवरा, असा तो बाजार करायचा. सत्तर सालाच्या पुढची गोष्ट. म्हातारं घोडं मेलं आणि नवऱ्यानं तीन वर्षांची तांबूस घोडी आणली. दिवाळी तोंडावर होती, त्याला घाई होती. पहिल्याच दिवशी पाठीवर बसला. घोडीनं दोन फेऱ्या निमूट मारल्या. तिथं उतरायचं, तर म्हणाला, आता पेट्या बांधून एक फेरी. पेट्या वाजल्या, घोडी उधळली आणि हा धुऱ्यावर पडला. मांडीचं हाड मोडलं. हाड बसवणाऱ्यानं सांगितलं, वर्षभर खाट, आणि पुढेही घोड्यावर टांग टाकता येईल असं धरून चालू नका.

जवळचे बाजार मी डोक्यावर पाटी घेऊन करत होते. पण आमचं घर चालायचं ते बपेऱ्याच्या बाजारावर. तो तीन कोसांवर. माल डोक्यावर घेऊन तिथं जाणं, विकणं आणि दिवसात परत येणं एका बाईच्या अंगात नव्हतं, आणि आमच्या गावावरून तिकडे गाडी नव्हती. तिथं चिंचेखाली आमची जागा होती, सासऱ्याच्या वेळेपासूनची. बाजारातल्या जागेचा कायदा कुठं लिहिलेला नसतो, पण असतो. जो बसतो त्याची जागा. बाजारातली जुनी माणसं भली, त्यांनी निरोप पाठवला: दुखणं आहे, होळीपर्यंत जागा राखतो; होळीच्या बाजाराला तुमची पेटी मांडलेली दिसली नाही, तर दुसरा बसेल.

नवरा म्हणाला, "घोडी विकून टाक. वरातवाला घेईल."

मी म्हटलं, "मंग बपेऱ्याले काय तुमची खाट घेऊन जाऊ?"

घोडी घेऊन मी तलावाच्या पाळीवर, बांधावर, गेले. म्हाताऱ्यानं घोडीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

"बसनार कोन?"

"मी."

सुई थांबली. "लुगडं नऊवारीच नेसते ना तू, सूनबाई?"

"हो."

"मंग झालं," म्हणाला आणि पुन्हा विणू लागला.

दिवाळीपासून मी रोज सकाळी तिथं जाऊ लागले. शेजार झाला, जाळं झालं, दोऱ्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी तो मला उभी करायचा, कारण घोडी त्याची नव्हती, माझी होती. घोडीशी सतत बोलत राहा, म्हणायचा. आवाज थांबला की जनावराला वाटतं, माणूस आता काहीतरी करणार. पण घोडीशी काय बोलायचं ते त्याला सुचत नसे. म्हणून तो एका सुरात मासोळ्यांची नावं घ्यायचा. मरळ, शिंगी, रोहू, कतला, झिंगे, आणि पुन्हा मरळ. मी टिकल्या, फण्या, रिबिनी म्हणायची. येणारेजाणारे उभे राहून ऐकायचे.

पौषातल्या एका सकाळी त्यानं घोडीला तलावात नेलं. तलावावर वाफ होती. पाणी घोडीच्या पोटाला लागेपर्यंत तो चालत गेला आणि मला म्हणाला, "ये." मी कासोटा घट्ट मारला आणि गेले. थंडीनं पाय माझे राहिले नव्हते. त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं नाही की धीर दिला नाही. "पहिले पोटावर पड, पोतं पडते तशी. मंग टांग टाक." मी पडले. मग टांग टाकली.

माझ्या मांड्यांखाली ती घोडी थरथरली. मला वाटलं, गेले. नवऱ्याच्या वेळी जशी पाठ उचलली तशी तिनं उचलायला घेतली, पण पाण्यानं तिचे पाय धरून ठेवले होते. उडी मारायची तर पाणी उचलावं लागणार. तिनं एकदा जोर केला, दुसऱ्यांदा अर्धा केला, आणि तिसऱ्यांदा नुसता मोठा श्वास सोडला. तिच्या बरगड्या माझ्या पायांमधून बाहेर येऊन आत गेल्या. म्हातारा तिच्या तोंडापाशी कमरेइतक्या पाण्यात उभा होता, मरळ, शिंगी, रोहू करत. मारणं नाही, ओढणं नाही, ओरडणं नाही. मी पुढे घोडे शिकवणारे दुसरे पाहिले, चाबूकवाले, मिशावाले. तसं काही पुन्हा पाहिलं नाही. हाड मोडणारं ते जनावर माझ्याखाली उभं होतं आणि कान माझ्याकडे वळवून ऐकत होतं. देवळात मी कधी हात जोडून फार वेळ उभी राहिलेली नाही. त्या दिवशी पाण्यातून हलावंसं वाटलं नाही.

"आज पुरे. उतर," तो म्हणाला. पाण्यातच उतरवलं, आणि घोडीला तिथंच मूठभर भिजवलेले हरभरे दिले.

मग रोज तसंच. पाण्यात बसायचं, काठाकाठानं फिरायचं, पुढे पाळीवरून फिरायचं, आणि परत पोटाइतक्या पाण्यात येऊन उतरायचं. गावात बोलणं सुरू झालंच. विहिरीवर एक म्हणाली, "बाई घोड्यावर अन् नवरा खाटेवर."

मी म्हटलं, "खाटेवरच्याले दोन टाइम रांधून घालाले तू येतं का? मी उतरतो मंग."

तिनं घागर उचलली आणि निघाली.

होळीला चार बाजार उरले होते, तेव्हा मी पेट्या बांधून बपेऱ्याला निघाले. घोडी अशी चालली की पेटीतल्या सुयाही वाजल्या नाहीत. खाणीच्या रस्त्यावर ट्रक अगदी जवळून गेला, तिनं कान हलवला. मी मनात म्हटलं, झालं. पुढच्या गावाचा तलाव लागला. घोडीनं मान वळवली आणि सरळ पाळ उतरून पाण्यात चालायला लागली. मी लगाम ओढला, टाच मारली, शिव्या दिल्या. ती पोटाला पाणी लागेपर्यंत गेली आणि उभी राहिली. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. उतर, हरभरे दे.

दोन्ही पेट्या पाण्यात. कुंकू विरघळून तलावात लाल पसरलं. धुणाऱ्या बायका आधी किंचाळल्या, मग कळल्यावर हसून हसून वाकल्या. रिबिनी तरंगत त्यांच्याकडे गेल्या. त्यांनीच गोळा करून दिल्या. मी घोडी हातानं ओढत घरी आणली.

नवरा खाटेवरून म्हणाला, "ढीवराकडे देल्ली, ढीवरानं मासोळी केली."

म्हातारा आला. भिजलेल्या पेट्या पाहिल्या, घोडी पाहिली, उकिडवा बसला. सुई हातात होती पण चालत नव्हती. एवढा वेळ न विणता बसलेलं मी त्याला पहिल्यांदा पाहत होते.

"तिनं बरोबर केलं," शेवटी म्हणाला. "मी पान्यात सोडत गेलो, तिले वाटलं, पानी आलं का काम संपलं. चूक माही हाय." मग उठून घोडीजवळ गेला आणि तेच तिलाही सांगितलं, जसं माणसाला सांगतात. आमच्या भागात माणूस बायकोपाशी चूक कबूल करत नाही. हा घोडीपाशी करत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं तलावात बांबूच्या खुंट्या रोवल्या, पोटाइतक्या पाण्यापासून काठापर्यंत आणि काठापासून वर मोहाच्या झाडापर्यंत. आज या खुंटीशी बसायचं आणि इथंच उतरायचं, हरभरे इथंच. नीट जमलं, तरच उद्या पुढची खुंटी. दर खुंटीला पाणी दोन बोटं कमी. कधी घोडी एका खुंटीवर चार-चार दिवस अडायची, मागे खोल पाण्याकडे बघायची. मी दिवस मोजत होते. होळीचा बाजार तीन दिवसांवर आला तेव्हा आम्ही ढोपराइतक्या पाण्यात होतो आणि अर्ध्याहून जास्त खुंट्या बाकी होत्या.

मी म्हटलं, "बाबाजी, आज एकदम झाडाखालीच बसतो. होऊन जाईल."

"खुंटी वलांडाची नाई."

"जागा जाते ना माही. सासऱ्यापासूनची जागा हाय. मंग या घोडीचं मी काय लोणचं घालू?"

त्यानं सुईच्या टोकानं त्या दिवसाची खुंटी दाखवली. मी रागानं घरी आले. त्या दिवशी मी त्याला मनात जे जे म्हटलं ते लिहीत नाही.

होळीच्या बाजाराच्या दिवशी पहाटे तो दारात उभा. म्हणाला, "एक पेटी दे. तू तलावावर जा, घोडीवर बस. आजची खुंटी आजच झाली पाह्यजे." पेटी डोक्यावर घेतली आणि बपेऱ्याच्या वाटेला लागला. साठीच्या पुढचा माणूस, तीन कोस. स्वतःच्या मासोळ्या विकायलाही तो कधी बाजारात बसला नव्हता. ते काम त्याची बायको करायची. मी पेटी परत मागणार होते, पण तोपर्यंत तो वळणावर गेला होता.

त्या बाजाराला तो गेला, त्याच्या पुढच्या बाजाराला गेला आणि त्याच्याही पुढच्या. घरी येऊन एवढंच सांगायचा, "जागा हाय." इकडे मी एकटी एक-एक खुंटी करत होते. टाच भिजेल एवढं पाणी, मग चिखल, मग ओली माती. जमलं की आपणच म्हणायचं, आज पुरे. एकदा अजून करावंसं फार वाटायचं. केलं नाही.

तिसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी घोडीवर मी मोहाच्या झाडाखाली कोरड्या पाचोळ्यात बसले, गावाला चक्कर मारली आणि तिथंच उतरले. तिनं तलावाकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारा पहाटेच पुढे गेला होता. मी उरलेली पेटी एका बाजूला आणि तेवढ्याच वजनाचं तांदळाचं गाठोडं दुसऱ्या बाजूला बांधून निघाले. ट्रक गेला, पूल गेला. तो तलाव आला. त्याच बायका धुणं धूत होत्या, हात थांबवून उभ्या राहिल्या. घोडीची मान वळली. मी लगाम ओढला नाही, टाच मारली नाही. टिकल्या, फण्या, रिबिनी म्हणत राहिले. दोन पावलं ती पाण्याकडे बघत चालली. मग पुढं बघत चालली. मागून एक बाई म्हणाली, "गेली वो माय, कोरडीच गेली."

बपेऱ्याच्या बाजारात चिंचेखाली तो बसला होता. पुढे माझी पेटी, झाकण बंद, आणि हा जाळं विणतो आहे. मी घोडीवरून उतरले. तो उठला तो थेट घोडीकडे गेला. भर बाजारात वाकून घोडीच्या पोटावरून हात खाली नेला, गुडघ्यावरून, खुरापर्यंत. एक पाय, दुसरा, चारही. मग तळहात उलटा करून मला दाखवला.

"धूळ हाय," म्हणाला. जाळं खांद्यावर टाकलं आणि चालत गावाकडे निघाला.

मी पेटी उघडली. जशी भरून दिली होती तशीच होती. तीन बाजारांत त्यानं एक सुईसुद्धा विकली नव्हती. मी घोडी चिंचेला बांधून माल मांडायला घेतला, एवढ्यात एक बाई समोर उकिडवी बसली. तिनं घोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तूच का वो ते मालकीन? तीन बाजारापासून फनी मांगून राहिली मी. तो बुढा देतच नाई. दरखेपी म्हनते, थांबा, मालकीन घोडीवर येऊन राहिली."

"आली," मी म्हटलं, आणि फण्या तिच्यापुढे ओतल्या.